आवाजावर चालणारे कीबोर्ड शॉर्टकट: प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट २०२५

काय बांधायचं ते आधी पक्कं करून घेतलं. माइकमध्ये ठरलेले शब्द बोलले की समोर उघडा असलेल्या प्रोग्रामला ठरलेला शॉर्टकट मिळाला पाहिजे. ‘सेव्ह फाइल’ म्हटलं की कंट्रोल-एस, ‘टेक बॅक’ म्हटलं की कंट्रोल-झेड. बोलून मजकूर लिहिणं या प्रकल्पात नाही. त्याला भाषेतला कुठलाही शब्द ओळखावा लागतो. इथे तीस-चाळीस वाक्यांशांतला एक ओळखायचा आहे, आणि बाकी सगळं बोलणं ऐकून सोडून द्यायचं आहे. या कामात खरा कस लागतो तो सोडून देण्यात.

कारण साधं आहे. कमांड ऐकू आली नाही तर माणूस पुन्हा बोलतो, दोन सेकंद जातात. न बोललेली कमांड चालली तर निवडलेला मजकूर उडतो, अर्धवट ईमेल रवाना होतो, चालू प्रोग्राम थांबतो. म्हणून शंका असेल तिथे यंत्रणेनं गप्प राहायचं. पुढचा प्रत्येक निर्णय याच कसोटीवर घेतला आहे.

तयार पर्याय चांगले आहेत. मॅकओएसमध्ये कॅटलिनापासून, म्हणजे २०१९ पासून, व्हॉइस कंट्रोल आहे. त्यात स्वतःच्या वाक्यांशाला शॉर्टकट जोडता येतो. विंडोज ११ मध्ये २०२२ च्या आवृत्तीपासून व्हॉइस अ‍ॅक्सेस आहे. ‘प्रेस कंट्रोल एस’ असं बोललं की की दाबली जाते. हात न वापरता प्रोग्रामिंग करणाऱ्यांमध्ये टॅलन हा आवाजावर चालणारा प्रोग्राम रुजलेला आहे, आणि पायथनमध्ये लिहिणाऱ्यांसाठी ड्रॅगनफ्लाय ही लायब्ररी (तयार कोडचा संच) आहे. मनगटं दुखतायत आणि आजच काम भागवायचं आहे, अशा माणसानं यांच्यापासूनच सुरुवात करावी. स्वतंत्र बांधणीचं कारण एवढंच की विंडोज आणि लिनक्सवर एकच कमांडांची फाइल चालावी, इंटरनेट लागू नये, आणि कमांड कधी नाकारायची याचे नियम आपल्या हातात असावेत.

शब्दांच्या ओळखीसाठी व्हिस्पर (ओपनएआयचं बोलणं ओळखणारं मॉडेल) घेतलेलं नाही. ते ३० सेकंदांच्या तुकड्यावर काम करतं. एकच शब्द बोलला तरी उरलेला वेळ शांततेनं भरून तेवढंच गणित करावं लागतं. शिवाय नुसत्या शांततेतून ते कधी कधी न बोललेली वाक्यं काढतं, आणि इथे तर तेच सगळ्यात घातक. त्याऐवजी व्हॉस्क घेतलं. ते काल्डी या आवाज-ओळखीच्या मुक्त संचावर उभं आहे, संगणकावरच चालतं, आवाज येईल तसतसा ऐकत जातं आणि शब्दांची यादी आवळू देतं.

लागणारं सामान: पायथन ३, त्यात व्हॉस्क, साउंडडिव्हाइस (माइकचा आवाज घेणारी) आणि पिनपुट (की पाठवणारी) या लायब्रऱ्या, आणि तारेचा यूएसबी हेडसेट. ग्राफिक्स कार्ड लागत नाही. व्हॉस्कचं छोटं मॉडेल चालताना साधारण ३०० एमबी मेमरी घेतं.

६ ऑगस्ट

फक्त माइक आणि आवाज. यात कसर राहिली तर पुढे कितीही कोड लिहून ती भरून निघत नाही.

माइकची दांडी ओठांसमोर न ठेवता तोंडाच्या कोपऱ्यापाशी, दोन बोटांच्या अंतरावर ठेवायची. समोर ठेवली की ‘प’, ‘फ’, ‘ब’ म्हणताना सुटणारी हवा थेट माइकवर आदळते आणि शब्दाची सुरुवात फाटते. पातळी अशी लावायची की नेहमीच्या आवाजातलं सगळ्यात मोठं शिखर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील.

पातळी आपोआप वाढवणारी सोय बंद केली. ती चालू असली की बोलणं थांबताच ती खोलीतला आवाज वर खेचते, आणि कीबोर्डची टकटक ‘ट’ आणि ‘क’सारखी ऐकू जाते. गोंगाट दाबणारी सोय सौम्य असेल तर चालते. जोरदार असेल तर ती शब्दाचं पहिलं व्यंजनच गिळते. ‘पेस्ट’चं ‘एस्ट’ झालं की ओळखणारं अडखळतं.

व्हॉस्कला १६ बिटांचा, एका चॅनलचा कच्चा आवाज लागतो. मॉडेल १६,००० हर्ट्झवर शिकलेलं आहे. पुष्कळ माइक मुळात ४८,००० किंवा ४४,१०० वर चालतात. त्यांच्याकडे १६,००० मागितले तर पोर्टऑडिओ (साउंडडिव्हाइसच्या खालचा आवाजाचा थर) उणे ९९९७ ही चूक देऊन थांबतं. हा अडथळा परवडला, कारण तो दिसतो. न दिसणारा याहून वाईट: माइककडून ४८,००० घ्यायचे आणि ओळखणाऱ्याला १६,००० सांगायचं. तेव्हा चूक कुठेच दिसत नाही. आवाज तिप्पट संथ भासतो आणि निकालात भलतेच शब्द येतात. उपाय सोपा आहे. माइकचा मूळ दर विचारून घ्यायचा आणि तोच आकडा ओळखणारा तयार करताना द्यायचा. खाली आणायचं काम व्हॉस्क स्वतः करतं.

ब्लूटूथ हेडसेट बाजूला ठेवला. त्याचा माइक सुरू झाला की जोडणी फोन कॉलच्या पद्धतीवर जाते. जुन्या जोडणीत आवाज ८,००० हर्ट्झचा होतो, म्हणजे ४,००० च्या वरचं काहीच उरत नाही. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांतला फरक बराचसा तिथेच असतो. नव्या जोडणीत १६,००० मिळतात, पण उशीर वाढतो.

९ ऑगस्ट

मॉडेल: भारतीय इंग्रजीचं छोटं, सुमारे ३६ एमबी. कमांड ‘सेव्ह’, ‘कॉपी’, ‘पेस्ट’ अशाच ठेवल्या, कारण मेनूत तेच शब्द दिसतात आणि तोंडातही तेच असतात. मोठं मॉडेल १ जीबीचं आहे, पण इथे ते उलट गैरसोयीचं: शब्दांची यादी चालू असताना आवळण्याची सोय छोट्या मॉडेलांत असते, एकसंध आलेखाच्या, म्हणजे शब्दांचं जाळं आधीच बांधून टाकलेल्या, मोठ्या मॉडेलांत नसते.

यादी जेसनच्या (माहिती मजकुरात मांडण्याची एक ठरलेली पद्धत) स्वरूपात ओळखणाऱ्याला देतात. तिच्या शेवटी अनोळखी शब्दाची खूण हवीच. व्हॉस्कमध्ये ती चौकोनी कंसात यू-एन-के अशी लिहितात. ही खूण नसेल तर ओळखणाऱ्यापुढे पर्यायच उरत नाही. खोकला, खुर्चीचा आवाज, शेजारचं बोलणं, सगळं तो यादीतल्या कुठल्यातरी कमांडमध्ये बसवतो. खूण दिली की न जुळणारा आवाज तिच्यात जातो.

दुसरी गोष्ट माहितीपत्रकं वाचून चटकन लक्षात येत नाही. यादीत वाक्यांश दिले म्हणजे निकालात तेच पूर्ण वाक्यांश येतील असं नाही. व्हॉस्क त्या वाक्यांशांतून शब्दजोड्यांचं एक लहान भाषा-मॉडेल बनवतं. यादीत ‘क्लोज टॅब’ आणि ‘सेव्ह फाइल’ असतील, तर निकाल ‘क्लोज फाइल’ किंवा ‘सेव्ह फाइल क्लोज टॅब’ असाही येऊ शकतो. म्हणून नियम केला: आलेला निकाल आपल्या तक्त्यातल्या वाक्यांशाशी अक्षरशः जुळला तरच पुढे जायचं. वाक्यात अमुक शब्द आहे का अशी तपासणी कुठेही नाही.

मॉडेलच्या शब्दकोशात नसलेला शब्द यादीत दिला तर व्हॉस्क तो वगळतं आणि पडद्यावर फक्त एक सूचना लिहितं. नोंदी शांत ठेवण्यासाठी पातळी उणे १ करण्याची प्रथा आहे. ती पाळली की ही सूचनाही लपते, आणि मग ती कमांड कधीच का चालत नाही याचा शोध भलतीकडे लागतो. यादी बदलली की पहिल्यांदा नोंदी उघड्या ठेवूनच चालवायचं.

१० ऑगस्ट

दोन किरकोळ पण वेळ खाणाऱ्या बाबी. मॉडेलचं फोल्डर रोमन अक्षरांच्या, मोकळी जागा नसलेल्या मार्गावर ठेवलं. विंडोजवर इतर लिप्यांतल्या मार्गांपाशी ते अडखळतं. आणि कमांडांची जेसन फाइल साध्या यूटीएफ-८ मध्ये साठवायची. सुरुवातीला अदृश्य खूण घालणाऱ्या संपादकातून साठवली तर पायथन ती वाचायला नकार देतं.

१३ ऑगस्ट

कमांडांचे शब्द निवडले. इथे घाई करू नये; कोड नंतर बदलता येतो, जिभेची सवय बदलायला फार वेळ लागतो.

एका अवयवाचे, म्हणजे एकाच झटक्यात उच्चारले जाणारे, शब्द एकटे ठेवले नाहीत. ‘कट’, ‘गो’, ‘टॉप’ यांसारख्या आवाजांना खोकला किंवा पेला ठेवल्याचा आवाजही जुळू शकतो. दोन शब्दांची, एकूण दोन-तीन अवयवांची कमांड सगळ्यात भरवशाची: ‘कट दॅट’, ‘कॉपी दॅट’, ‘सिलेक्ट ऑल’.

‘अनडू’ आणि ‘रीडू’ ही जोडी मोडली. दोन्हींचा शेवट एकच, सुरुवातीचा फरक तेवढा ऐकून ठरवायचं, आणि दोघांचं काम नेमकं उलटं. त्याऐवजी ‘टेक बॅक’ आणि ‘डू अगेन’. आकडे हवे असतील तर ‘सेव्ह’ हा एकटा शब्द ‘सेव्हन’ला फार जवळ येतो, म्हणून ‘सेव्ह फाइल’. यादी लहान असल्यानं बाहेरच्या जगातल्या मिळत्याजुळत्या शब्दांची काळजी नाही. तक्त्यातल्या तक्त्यात कोण कोणासारखं वाजतं एवढंच पाहायचं, आणि ते मोठ्यानं म्हणून पाहायचं. कागदावर वेगळे दिसणारे शब्द तोंडात एक होतात.

कुठलीही कमांड दुसऱ्या कमांडची सुरुवात असू नये, हाही नियम आजच घातला. ‘सिलेक्ट’ आणि ‘सिलेक्ट ऑल’ दोन्ही नकोत. याचा खरा फायदा वेग वाढवताना होणार आहे.

पुन्हापुन्हा दाबायच्या की-साठी शेवटी आकडा: ‘टेक बॅक थ्री’. वरच्या नियमाला एवढाच अपवाद. दोन ते पाचच ठेवले. त्यापुढे माणूस मोजत नाही, पाहत पाहत जातो.

एकेक अक्षर बोलायची वेळ आली तर ‘बी, सी, डी, ई, पी, टी’ हे कुठल्याही यंत्राला अवघड. सगळ्यांचा शेवट ‘ई’. त्यासाठी वैमानिक वापरतात ती अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही वर्णमाला पुरते. टॅलनची वर्णमाला (एअर, बॅट, कॅप, ड्रम) बोलायला आखूड आहे, पण एकेका अवयवाची, म्हणून अक्षरांची वेगळी अवस्था असेल तरच ती घ्यावी.

१६ ऑगस्ट

की पाठवणं. दिसायला एका ओळीचं काम, प्रत्यक्षात सगळ्यात जास्त खाचखळगे इथेच.

अक्षर पाठवायचं की कीचा क्रमांक? पिनपुटला ‘एस’ हे अक्षर दिलं तर ते चालू कीबोर्ड मांडणीत ती की शोधतं. मांडणी इंग्रजी असेपर्यंत ठीक. मराठी इनस्क्रिप्ट चालू असताना त्या मांडणीत ‘एस’ अक्षरच नाही; तेव्हा ते युनिकोड अक्षर म्हणून पाठवलं जातं आणि शॉर्टकट बनतच नाही. मराठीत मजकूर लिहिताना ‘सेव्ह फाइल’ निष्फळ आणि इंग्रजीवर येताच सुरळीत, असं दिसलं तर कारण हेच. म्हणून अक्षरं काढून टाकली आणि विंडोजचे आभासी की-क्रमांक घातले: एस ८३, झेड ९०, सी ६७, व्ही ८६, कंट्रोल १७. मांडणी कुठलीही असो, तीच की दाबली जाते.

क्रमांकांचा एक अपवाद बाणांचा. डावा, वर, उजवा, खाली यांचे क्रमांक ३७ ते ४०. पण नुसता क्रमांक पाठवला तर विंडोज ते आकड्यांच्या पट्टीवरचे बाण समजतं. नमलॉक चालू असेल तर अशा बाणाआधी विंडोज शिफ्ट सोडवून घेतं. परिणाम असा की शिफ्ट-उजवा बाण पाठवला तर कर्सर सरकतो, निवड मात्र होत नाही. ‘विस्तारित की’ हा ध्वज लावला की हे थांबतं. पिनपुटमध्ये बाण त्यांच्या ठरलेल्या नावानं पाठवले तर ध्वज आपोआप लागतो, म्हणून बाण, होम, एंड, पेज-अप, पेज-डाऊन हे नावानं आणि अक्षरं क्रमांकानं.

दाबणं आणि सोडणं यांत ३० मिलिसेकंदांचं अंतर ठेवलं. शून्य अंतरावर साधे प्रोग्राम चालतात. दूरच्या संगणकाची खिडकी आणि काही जड प्रोग्राम मधलीच एखादी घटना गाळतात. दोन टप्प्यांचे शॉर्टकट, उदाहरणार्थ व्हीएस कोडमधलं कंट्रोल-के मग कंट्रोल-एस, यांच्या मध्ये १०० मिलिसेकंद.

अडकलेली कंट्रोल की हा सगळ्यात घाबरवणारा दोष. दाबल्यानंतर आणि सोडण्याआधी कोड कोसळला की कंट्रोल दाबलेलीच राहते. पुढे लिहिलेलं प्रत्येक अक्षर शॉर्टकट बनतं. सोडण्याची ओळ ‘फायनली’ भागातच (कोड कोसळला तरी चालणाऱ्या भागात) हवी. प्रोग्राम सुरू होताना आणि बंद होताना कंट्रोल, शिफ्ट, आल्ट, विंडोज या चारही की सोडल्याचा संदेश एकदा पाठवतो.

उलट बाजूही आहे. बोलताना बोट खऱ्या शिफ्टवर असेल तर कंट्रोल-एसचं कंट्रोल-शिफ्ट-एस होतं. म्हणून पाठवण्याआधी खऱ्या मॉडिफायर कींची (कंट्रोल, शिफ्ट, आल्ट, विंडोज) स्थिती विचारायची. दाबलेली असेल तर अर्धा सेकंद थांबायचं, तरीही सुटली नाही तर कमांड टाकून द्यायची.

१७ ऑगस्ट

विंडोजवर प्रशासक अधिकारानं चालणाऱ्या खिडकीला साध्या अधिकाराचा प्रोग्राम की पाठवू शकत नाही. व्हिस्टापासून ही भिंत आहे आणि ती योग्यच आहे. चूकही दिसत नाही, की फक्त पोहोचत नाही. आपला प्रोग्राम प्रशासक म्हणून चालवला तर अडथळा जातो. पण सतत माइक ऐकणाऱ्या प्रोग्रामला तो अधिकार देणं पटलं नाही. त्या खिडक्या हातानंच हाताळायच्या.

विंडोज-एल आणि कंट्रोल-आल्ट-डिलीट कोडमधून दाबता येत नाहीत. पडदा कुलूपबंद करायचा तर ‘लॉकवर्कस्टेशन’ हे सिस्टिमचं फंक्शन थेट बोलवायचं.

२१ ऑगस्ट

उशीर कमी केला. शब्द संपल्यापासून की दाबेपर्यंतचा वेळ कुठे जातो ते आधी मांडलं.

व्हॉस्कच्या नमुना कोडमध्ये आवाजाचा तुकडा ८,००० नमुन्यांचा असतो. १६,००० हर्ट्झला तो अर्धा सेकंद झाला. १,६०० केला, म्हणजे दहावा भाग सेकंद. माइकचा दर ४८,००० असेल तर त्याच वेळेसाठी ४,८००.

ओळखण्याचं काम आवाज आणून देणाऱ्या फंक्शनमध्ये करायचं नाही. तिथे फक्त तुकडा रांगेत टाकायचा. ओळख आणि की पाठवणं वेगळ्या धाग्यात, म्हणजे समांतर चालणाऱ्या कामात. नाहीतर की दाबतानाच्या ३० मिलिसेकंदांत माइकचा साठा भरतो, तुकडे गळतात, आणि पुढच्या शब्दाचं डोकं उडतं.

सगळ्यात मोठा वाटा शांततेचा. बोलणं संपलं हे ठरवण्यासाठी ओळखणारा थांबून राहतो. मॉडेलच्या ‘कॉन्फ’ फोल्डरातल्या फाइलमध्ये हे नियम असतात. दुसऱ्या नियमात ०.५ सेकंद लिहिलेलं होतं, ते ०.३ केलं. त्याखाली गेलं की ‘सिलेक्ट… ऑल’ असं जरा रेंगाळून बोलणाऱ्याचे दोन तुकडे होतात. एकटं ‘सिलेक्ट’ तक्त्यात नसल्यामुळे तेव्हा काहीच घडत नाही, आणि ते बरंच आहे.

याहून जलद हवं तर अर्धवट निकालावर की दाबायची. व्हॉस्क प्रत्येक तुकड्यानंतर आतापर्यंतचा अंदाज देतं. सलग तीन तुकडे अंदाज बदलला नाही आणि तो तक्त्यातल्या वाक्यांशाशी पूर्ण जुळला तर लगेच पाठवायचं, आणि ताबडतोब ओळखणारा रिसेट करायचा; नाहीतर पूर्ण निकाल आल्यावर तीच कमांड दुसऱ्यांदा चालते. कोणतीही कमांड दुसरीची सुरुवात नसावी हा १३ तारखेचा नियम यासाठीच होता. आकडा घेणाऱ्या कमांड मात्र अर्धवट निकालावर चालवायच्या नाहीत. हा जलद मार्ग फक्त वर-खाली सरकणं, टॅब बदलणं अशा निरुपद्रवी कामांना दिला. काही बदलणारी प्रत्येक कमांड पूर्ण निकालाची वाट पाहते.

२५ ऑगस्ट

न बोललेल्या कमांड रोखणं. प्रकल्पाचा गाभा हाच.

विश्वासाच्या आकड्यावर विसंबता येत नाही. शब्दागणिक माहिती मागितली की व्हॉस्क ० ते १ असा आकडा देतं, पण तो यादीतल्या इतर पर्यायांच्या तुलनेत असतो. यादी आवळली की स्पर्धाच उरत नाही आणि चुकीचा शब्दही १ च्या आसपास बसतो. म्हणून खालचे नियम वेगळे बसवले.

निकालात अनोळखी खूण कुठेही असली तर संपूर्ण निकाल टाकायचा. ‘मग ती कॉपी दॅट केली’ अशा चालू वाक्यात कमांड सापडते, पण तिच्या आजूबाजूला अनोळखी शब्द असतात. खरी कमांड एकटी येते. त्याच माहितीत प्रत्येक शब्दाचा आरंभ आणि शेवट सेकंदांत मिळतो. दोन शब्दांची कमांड दीड सेकंदाहून लांबली, किंवा पाव सेकंदाहून आखूड आली, तर टाकायची. पहिली बहुधा गप्पांतून उचललेली असते, दुसरी आदळआपटीतून.

स्पीकरवरून चालणारा व्हिडिओ हा मोठा शत्रू. कानातल्या हेडसेटवर ऐकलं की प्रश्नच संपतो. कमांड मिळाल्याची टिकटिक स्पीकरवर वाजवली तर तीही माइकमध्ये शिरते. म्हणून आवाजाऐवजी पडद्याच्या कोपऱ्यात कमांडचं नाव सेकंदभर दिसतं.

झोपेची अवस्था ठेवली. ‘स्टॉप लिसनिंग’ म्हटलं की मोठी यादी काढून फक्त जागं करण्याचा वाक्यांश आणि अनोळखी खूण असलेली यादी लावायची. जागं करणारा वाक्यांश लांब हवा, रोजच्या बोलण्यात न येणारा. ‘कीबोर्ड स्टार्ट लिसनिंग’ ठेवला. फोन किंवा बैठक असेल तेव्हा झोपेवरही भरवसा न ठेवता माइकचा प्रवाहच बंद करायचा.

ज्यांचे पाय मोकळे आहेत त्यांच्यासाठी पायाचं पेडल सगळ्यात निर्धोक. यूएसबी पेडल संगणकाला कीबोर्डच वाटतं. त्याला एफ-१३ नेमली. एफ-१३ ते एफ-२४ या की विंडोज ओळखतं (क्रमांक १२४ ते १३५), पण बहुतेक कीबोर्डांवर त्या नसतात आणि बहुतेक प्रोग्राम त्या वापरत नाहीत. पेडल दाबलं असेल तेवढाच वेळ ऐकायचं. सोडल्यावर मात्र आणखी ३०० मिलिसेकंद ऐकत राहायचं. पाय तोंडाच्या आधी सुटतो.

परत न आणता येणाऱ्या कमांड, जसं आल्ट-एफ४ किंवा ईमेल पाठवणारं कंट्रोल-एंटर, तीन सेकंदांत ‘कन्फर्म’ म्हटलं तरच चालतात. कंट्रोल-झेडनं परत येणाऱ्या कशालाही हे विचारत नाही. प्रत्येक गोष्टीला होकार मागितला तर माणूस न वाचता होकार द्यायला शिकतो.

२९ ऑगस्ट

प्रोग्रामनुसार तक्ता. एकच ‘कॉपी दॅट’ सगळीकडे कंट्रोल-सी पाठवू लागलं तर लिनक्सच्या टर्मिनलमध्ये चालू काम मधेच तुटतं, कारण तिथे कंट्रोल-सी म्हणजे थांबवणं. कॉपीला कंट्रोल-शिफ्ट-सी आहे. ‘डू अगेन’ लिब्रेऑफिस आणि गिंपमध्ये कंट्रोल-वाय, तर ब्लेंडर आणि क्रितामध्ये कंट्रोल-शिफ्ट-झेड. ऑडासिटीत नुसतं आर दाबलं की रेकॉर्डिंग सुरू होतं. हेच आर लेखनाच्या खिडकीत गेलं तर मजकुरात अक्षर पडतं. म्हणून मॉडिफायर नसलेली कुठलीही एकेरी की सामायिक तक्त्यात ठेवायची नाही, फक्त त्या-त्या प्रोग्रामच्या भागात.

समोरची खिडकी कोणाची हे विंडोजला विचारून प्रोग्रामच्या फाइलचं नाव मिळवायचं. स्टोअरमधून आलेले काही प्रोग्राम ‘अ‍ॅप्लिकेशनफ्रेमहोस्ट’ या एकाच नावानं दिसतात; तिथे खिडकीचं शीर्षक पाहावं लागतं. यादीत नसलेला प्रोग्राम असेल तर सामायिक तक्त्यातल्या मोजक्या कमांडच चालतात: सेव्ह, टेक बॅक, पेस्ट, पान वर, पान खाली. कॉपी त्यात नाही. कारण वर आलंच आहे.

बोलायला सुरुवात आणि की दाबणं यांच्यामध्ये सेकंदभर जातो, तेवढ्यात एखादी सूचना उसळून समोर येते आणि की तिला मिळते. म्हणून पहिला अर्धवट अंदाज आला त्या क्षणीची खिडकी लक्षात ठेवायची आणि पाठवण्याआधी ताडून पाहायची. वेगळी निघाली तर कमांड रद्द, आणि कोपऱ्यात ‘खिडकी बदलली’ असं दाखवायचं.

२ सप्टेंबर

हिंदीचं छोटं मॉडेल (सुमारे ४२ एमबी) लावून मराठी-हिंदीतल्या समान शब्दांवर काही कमांड बसवल्या: ‘समाप्त’, ‘आरंभ’, ‘उत्तर’. चालतं, पण शब्द पारखून घ्यावे लागतात. ‘जागा’मधला ‘ज’ किंवा ‘चावी’तला ‘च’ मराठीत दातांपाशी होतो. हिंदीच्या उच्चारकोशात तो ध्वनीच नाही. ‘ळ’ही नाही. असे शब्द टाळले. नुक्त्याची अक्षरं निकालात आली तर दोन्ही बाजू एनएफसी या एकाच युनिकोड रूपात आणूनच जुळवायच्या, नाहीतर डोळ्यांना सारखे दिसणारे शब्द जुळत नाहीत. दोन्ही मॉडेलं एकाच वेळी चालवून जे जुळेल ते घेण्याचा विचार सोडला. प्रत्येक आवाजाला चुकण्याच्या दोन वाटा मिळतात.

५ सप्टेंबर

लिनक्स. तिथल्या खिडकी-व्यवस्था दोन: एक्स-११ आणि वेलँड. एक्स-११ वर एक्सडूटूल या की पाठवणाऱ्या साधनानं काम होतं. वेलँडवर ते वेलँडच्या मूळ खिडक्यांपर्यंत पोहोचत नाही. ही सुरक्षेसाठी मुद्दाम ठेवलेली मर्यादा आहे. तिथे वायडूटूल वापरलं. ते कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) यूइनपुट या सोयीतून आभासी कीबोर्ड उभा करतं, म्हणून खिडकी-व्यवस्थेला तो खराच वाटतो. त्याचा डेमन पाठीमागे चालू असावा लागतो, आणि यूइनपुटच्या फाइलवर लिहिण्याची परवानगी वेगळा गट करून द्यावी. सगळ्यांना खुली करू नये.

क्रमांक इथे वेगळे, कर्नलचे: डावी कंट्रोल २९, डावी शिफ्ट ४२, डावी आल्ट ५६, एस ३१, झेड ४४, सी ४६, व्ही ४७. प्रत्येक की दाबण्यासाठी १ आणि सोडण्यासाठी ० असं जोडून लिहायचं. कंट्रोल-एससाठी क्रम २९ दाब, ३१ दाब, ३१ सोड, २९ सोड. म्हणून तक्त्यात आकडे न ठेवता कींची नावं ठेवली. नावापासून आकडा काढणारी छोटी यादी प्रत्येक सिस्टिमची वेगळी.

वेलँडवर समोरची खिडकी कोणती हे बाहेरच्या प्रोग्रामला सहज कळत नाही. मिळत नसेल तिथे प्रोग्रामनुसार तक्ता बंद आणि फक्त सामायिक कमांड चालू, असं ठरवलं.

१० सप्टेंबर

दिवसभर वापरायचं तर आवाजाचीही काळजी हवी. हातावरचा ताण घशावर नेऊन ठेवण्यात अर्थ नाही. हुकूम सोडल्यासारखं जोरात, तुटक बोललं की घसा लवकर बसतो; नेहमीच्या स्वरात ओळखलं जात नसेल तर माइक जवळ घ्यावा, आवाज चढवू नये. एकच शॉर्टकट सारखा लागत असेल तर पाच वेळा बोलण्याऐवजी आकड्याची कमांड किंवा त्या क्रियांचा मिळून एक मॅक्रो करावा.

नोंदवहीत प्रत्येक निकालाचा वेळ, शब्द, खिडकी आणि ‘चालली’ की ‘नाकारली, कारण अमुक’ एवढंच लिहिलं जातं. आवाज साठवत नाही, आणि अनोळखी खूण आलेल्या निकालाचे बाकीचे शब्दही नाही. माणूस संगणकासमोर काय बोलतो ती त्याची खासगी गोष्ट आहे. आठवड्याला एकदा वही पाहायची. चालल्यानंतर लगेच ‘टेक बॅक’ आलेल्या कमांड वेगळ्या काढायच्या, कारण न बोललेली कमांड चालल्याचा तो सगळ्यात पक्का माग आहे. अशा यादीत एखादा वाक्यांश वारंवार दिसला तर मर्यादा हलवत बसू नये. तो वाक्यांश बदलावा, आणि नवा वाक्यांश तक्त्यातल्या प्रत्येकाशी मोठ्यानं ताडून घेऊन मगच बसवावा.